माफक दराचे विमान आणि शेजारचा देश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत उतई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘माफक दराची विमाने आणि शेजारचे देश’ असे सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मालेतले आधीचे वक्ते संतवाङ्मयावर बोलले, नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडातील अंमलावर बोलले, आणि त्यांच्या पंक्तीला मी विमान घेऊन बसणार! शिवाय उतईला धावपट्टी नाही. विमान पाहायचे तर माना येथे, म्हणजे पन्नासएक किलोमीटरवर जावे लागते. कार्यवाहांच्या चेहऱ्यावरील प्रश्न मला कळला आणि तो रास्तही होता.

मी जन्मभर पोलाद कारखान्याच्या हिशेब खात्यात आकडेमोड केली. विमानविद्येचे मला शास्त्रीय ज्ञान नाही. पण एखादी वस्तू स्वस्त का पडते आणि त्या स्वस्ताईची किंमत अखेर कोणाच्या खाती पडते, हे शोधण्याची सवय मात्र हाडीमाशी खिळली आहे. आज त्याच सवयीने आपल्यापुढे उभा आहे.

परवा नातवंडांसाठी आणलेल्या पृथ्वीगोलावर मी एक दोरा धरून पाहिला. आपणही घरी जाऊन पाहावे. दोऱ्याचे एक टोक रायपूरवर ठेवले आणि दुसरे दिल्लीवर नेले. मग तोच दोरा काठमांडूकडे वळवला, तर तो काठमांडू ओलांडून पुढे गेला. आकाशमार्गाने रायपूरला दिल्लीपेक्षा काठमांडू जवळ आहे. नंतर मुंबई आणि ढाका ताडून पाहिली. रायपूरपासून दोघांचे अंतर जवळजवळ सारखेच, साडेनऊशे किलोमीटरांच्या आसपास भरते. म्हणजे ज्या मुंबईला आपण ‘आपली’ म्हणतो ती आणि जिचे नाव केवळ वर्तमानपत्रात वाचतो ती ढाका, या दोन्ही नगरी आपल्या अंगणापासून सारख्याच दूर आहेत. अंतर पृथ्वीने ठरवलेले असते, दुरावा मात्र इतर गोष्टींनी ठरतो. त्या गोष्टींची थोडी उलगड करावी म्हणून हा विषय घेतला.

प्रारंभ कराचीपासून करतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाची थैली घेऊन एक लहानसे पस मॉथ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईस जुहूच्या मैदानात उतरवले. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ या उड्डाणापासून मानतात. अहमदाबादला विमानासाठी लागणारे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते, ही हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. पण एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्या दिवशी कराची आणि मुंबई ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ साली. कराचीत मराठी वस्ती होती, आणि तिथल्या एका नामांकित शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. मुंबईपासून कराचीचे हवाई अंतर नऊशे किलोमीटरांच्या आत आहे. मुंबईहून रायपूर याहून लांब पडते.

पुढे १९४७ आले आणि एका रात्रीत तो घरगुती मार्ग परदेशी झाला. विमान तेच, वैमानिक तोच, ढग तेच. फक्त दोन्ही टोकांना शिक्के मारणारे बसले. १९६५ च्या युद्धात ही वाहतूक खंडित झाली. १९७१ च्या युद्धाने थांबलेली विमाने १९७६ साली पुन्हा सुरू झाली. जानेवारी २००२ पासून जानेवारी २००४ पर्यंत पुन्हा दोन वर्षे आकाश बंद राहिले. कराची–मुंबई अशी जी थोडीबहुत सेवा उरली होती, ती २०१० च्या दशकात बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपल्या आकाशातून जाण्याचीही मनाई केली. ज्या मार्गावर आपल्या विमानवाहतुकीचा जन्म झाला, त्याच मार्गाची ही गत. यात कोणाचा दोष किती हे ठरवण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मी हिशेब सांगतो आहे.

याच्या उलट एक उदाहरण गोव्याचे आहे आणि ते फार मौजेचे आहे. १९५४ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली. रेल्वे थांबली, रस्ते अडले. तेव्हा पोर्तुगिजांनी १९५५ साली गोव्यासाठी एक स्वतंत्र विमान कंपनीच काढली. तिचे लांबलचक पोर्तुगीज नाव ‘ताइप’ या आद्याक्षरांनी ओळखले जाई. दाबोळीहून दमण, दमणहून दीव आणि पुढे कराची असा तिचा मार्ग. भारताच्या किनाऱ्याला वळसे घालत, भारताच्या भूमीला पाय न लावता ही विमाने जात. हा धंदा नव्हता, तो एका राज्यकर्त्याचा हट्ट होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तरी रात्रीच्या अंधारात दोन प्रवासी विमाने उरलेल्या पट्टीवरून उडून निसटली आणि ती कंपनी तिथेच संपली. मार्ग प्रवाशांसाठी चालतो की दुसऱ्याच कोणाच्या कारणासाठी, हे मार्ग उघडताना दिसत नाही. बंद होताना मात्र लख्ख दिसते.

आपल्या नागपूरचाही एक अध्याय आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांकडून चार विमाने मध्यरात्री नागपूरला येत, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या घरी परतत. सुमारे दोन तपे हा क्रम चालला. त्या काळी दुर्ग-रायपूरची राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण वेगळे झालो, तरी आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ अजून नागपूर-वर्ध्याकडेच आहे. तेव्हा मध्यरात्रीच्या त्या चार दिव्यांची आठवण या सभेत काढणे गैर होणार नाही.

आता माफक दराकडे वळतो. विमान स्वस्त होते म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांचा समज असा की कंपनी खाणे देत नाही म्हणून तिकीट स्वस्त पडते. उपमा आणि चहा वाचवून विमान स्वस्त होत असते, तर आपल्या गृहिणींनी केव्हाच विमान कंपन्या काढल्या असत्या. खरी मेख वेळेत आहे. विमान जमिनीवर उभे राहिले की ते केवळ खर्च करते, मिळकत करते फक्त आकाशात. अमेरिकेत टेक्सास प्रांतात १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीने हे ओळखले. विमानांची जात एकच, म्हणजे सुटे भाग एकच आणि वैमानिकांचे शिक्षण एकच. उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडाले पाहिजे, हा दंडक. दाटीवाटीने आसने आणि आधी तिकीट काढणाऱ्याला कमी दर. युरोपात १९९० च्या दशकात देशादेशांमधील हवाई बंधने उठली, तेव्हा आयर्लंडच्या रायनएअरने हेच सूत्र शेजारच्या देशांना लावले. मलेशियात २००१ साली टोनी फर्नांडिस यांनी कर्जात बुडालेली एअर एशिया ही कंपनी नावापुरत्या एका रिंगिटला घेतली आणि आग्नेय आशियातल्या लहान लहान शहरांना एकमेकांशी जोडले.

आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन काढली. सैन्यातून निवृत्त होऊन शेती केलेला हा गृहस्थ. रेल्वेचा वातानुकूलित वर्गाचा प्रवासी हाच माझा गिऱ्हाईक, असे त्यांचे गणित होते. मला त्यात आपल्या एस. टी.चे तत्त्व दिसते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. गेली, तेव्हा तिनेही हेच केले. गाडी साधी, भाडे माफक आणि गाव आडबाजूचे. फरक इतकाच की एस. टी.ची मुक्कामी गाडी रात्री गावातच राहते. सकाळी ती सुटणार हे गावाला ठाऊक असते, कारण ती डोळ्यांपुढे उभी असते. विमान मुक्कामाला राहत नाही. एअर डेक्कन काही वर्षांतच किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ साली बंद पडली.

मग शेजारच्या देशांना आपली स्वस्त विमाने लवकर का गेली नाहीत? कारण बंधन होते. भारतीय कंपनीने पाच वर्षे देशांतर्गत उड्डाण करावे आणि तिच्याजवळ वीस विमाने असावीत, मगच तिने परदेशी जावे, असा नियम होता. सरकारी एअर इंडियाची कन्या म्हणून एअर इंडिया एक्सप्रेसला ती आडकाठी नव्हती. तिने एप्रिल २००५ मध्ये केरळातून आखातास जायला आरंभ केला. पण बाकीच्या कंपन्या घरात थांबल्या आणि त्या काळात शारजाची एअर अरेबिया इथे येऊन आपले उतारू घेऊन गेली. पुढे तिचे विमान नागपूरलाही येऊ लागले. स्पाइसजेट ऑक्टोबर २०१० मध्ये काठमांडू आणि कोलंबोला गेली, इंडिगो सप्टेंबर २०११ मध्ये दुबईला. पाच वर्षांची अट निघाली ती २०१६ साली. पाहुण्याला ताट वाढायचे आणि घरच्या मुलाला ‘अजून पाच वर्षे थांब’ म्हणायचे, अशातली ही तऱ्हा होती. ती मोडली हे बरेच झाले.

शिवाय देशाबाहेर जाणारे विमान कंपनीच्या मर्जीने जात नाही. १९४४ च्या शिकागो करारापासून प्रत्येक देश आपल्या डोक्यावरील आकाशाचा धनी आहे. दोन देशांनी बसून ठरवायचे की आठवड्याला किती आसने, कोणत्या शहरातून कोणत्या शहराला. २०१६ च्या नागरी विमान धोरणात भारताने सार्क देशांशी परस्परतत्त्वावर मुक्त आकाशाचा करार करण्याची तयारी दाखवली. तयारी कागदावर चांगली दिसते. पण नेपाळने भैरहवा आणि पोखरा येथे नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधले, एक २०२२ साली आणि दुसरा २०२३ साली उघडला, आणि भारताच्या आकाशातून हवे ते प्रवेशमार्ग मिळत नाहीत ही त्या देशाची तक्रार राहिली. इमारती उभ्या राहिल्या, विमाने फारशी आली नाहीत.

आकडेमोडीची आणखी एक बाब सांगून टाकतो. जवळचा प्रवास स्वस्त असायला हवा असे आपल्याला वाटते, पण विमानाच्या बाबतीत तसे नसते. विमान वर चढताना सर्वांत अधिक इंधन पिते, आणि तासाभराच्या प्रवासात त्याचा बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. विमानतळाचे शुल्क, उतरण्याचे भाडे, पारपत्र आणि जकातीची तपासणी, हे सगळे तासाच्या प्रवासाला आणि सात तासांच्या प्रवासाला जवळपास सारखेच. म्हणून शेजारच्या देशाचे तिकीट दर किलोमीटरला महाग पडते. ते स्वस्त करायचे तर विमान भरून गेले पाहिजे, आणि विमान भरायचे तर त्या मार्गाची लोकांना खात्री पाहिजे. इथेच गाठ बसते.

ही गाठ माझ्या घरात कशी बसली ते सांगतो. सांगू नये असे आधी वाटत होते. पण मंडळाच्या सभेत आपण घरातलेच आहोत.

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षे मस्कतला एका बांधकाम कंपनीत फोरमन होता. पहिली काही वर्षे तो तीन वर्षांतून एकदा येई. तिकिटाचा खर्च मोठा, मधला मुक्काम परक्या शहरात, आणि रजा प्रवासातच संपायची. वडील म्हणत, ‘तो आता पाहुणा झाला.’ मग एका माफक दराच्या कंपनीने मस्कतहून भारतातल्या एका मध्यम शहराला थेट विमान काढले. कंपनीचे आणि शहराचे नाव सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. तीन तासांत तो भारतात उतरे आणि रात्रीची गाडी पकडून दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनात. तो वर्षाला एकदा येऊ लागला, मग दोनदा. दिवाळीला आला, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आला. एकदा तर केवळ आंब्याच्या दिवसांत चार दिवस येऊन गेला. आईने त्याची खाट पुन्हा माजघरात टाकली. मस्कत म्हणजे जणू बिलासपूरच्या थोडे पलीकडे, असे आम्हांला वाटू लागले.

२०१४ च्या मे महिन्यात वडील गेले. पहाटे फोन केला. तो म्हणाला, ‘दादा, उद्या सकाळी पोहोचतो, थांबा.’ आम्ही थांबलो. बर्फाच्या लाद्या आणल्या. दुपारी त्याचा फोन आला की ते विमान पंधरा दिवसांपूर्वीच बंद झाले आहे. उन्हाळी वेळापत्रकातून मार्ग वगळला होता. त्याने पुढच्या महिन्यासाठी काढलेले तिकीटही रद्द झाले होते आणि त्याचा संदेश त्याने वाचला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटे त्याच्या महिन्याच्या पगाराहून अधिक. तीही दोन शहरे फिरून, आणि तीही परवाची. उन्हाळा कसा असतो ते आपण जाणता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शिवनाथेच्या काठी गेलो. अग्नी मीच द्यायचा होता, तो दिला. तो आला चौथ्या दिवशी.

राजीमला अस्थी घेऊन आम्ही दोघे गेलो. परतताना तो म्हणाला, आणि हे वाक्य मी अजून विसरलो नाही: ‘दादा, ते विमान नव्हते तेव्हा तुम्ही माझ्यासाठी थांबला नसता. आणि मीही थांबा म्हटले नसते.’

मी रागाने त्या कंपनीला पत्र लिहायला बसलो होतो. हिशेब खात्यातला माणूस, पत्रे चांगली लिहितो. पण लिहिताना माझ्या ध्यानात आले की मी नेमकी कशाची तक्रार करणार? मार्ग तोट्यात होता, कंपनीने तो बंद केला. नियमात कुठेही चूक नव्हती. तिकिटाचे पैसे सावकाश का होईना परत आले. त्या स्वस्त विमानाने आमच्या घराचा एक रिवाज बदलून टाकला होता, आणि रिवाजाला परतावा नसतो. पत्र तसेच राहिले.

पुढच्याच वर्षी मस्कतचे नाव पुन्हा आमच्या कानी आले. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीचे एमडी-८३ जातीचे विमान इंजिनात बिघाड झाल्याने रायपूरला तातडीने उतरवावे लागले. आत सुमारे पावणेदोनशे माणसे होती. त्यांतली बरीचशी आखातात मजुरीला जाणारी. सगळी सुखरूप उतरली आणि नंतर दुसऱ्या विमानाने पुढे गेली. विमान मात्र राहिले. २०१६ साली कंपनीच बंद पडली आणि मालक नसलेल्या गुराप्रमाणे ते विमान वर्षानुवर्षे मानाच्या पट्टीवर उभे राहिले. उभे राहण्याचे भाडे चढत चढत कोटींच्या घरात गेले. मला रायपूरला कोणाला सोडायला जायची वेळ आली की मी त्याच्याकडे पाही. आमच्या घरी या विमानाविषयी हसण्यावारी बोलणे होत असे, पण भाऊ कधी हसला नाही. त्याच्या कंपनीत ढाका आणि सिल्हटकडचे कामगार होते. तो म्हणे, त्यांचीही घरी कोणी वाट पाहत असेल, आणि त्यांचे विमान आता येणार नाही.

माना या जागेचा आणखी एक योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. तेथे महायुद्धाच्या काळातील धावपट्टी होती, आणि १९६४ पासून तिच्या परिसरात पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. दंडकारण्यात वसवण्यापूर्वी हजारो कुटुंबे तिथे राहिली. आज छत्तीसगडात जे बंगाली बांधव आहेत, त्यांतील कित्येकांचे बालपण त्या छावणीत गेले. ही माणसे सीमा ओलांडून, पायी, बैलगाडीने, आगगाडीने तिथवर आली. पन्नास वर्षांनी त्याच सीमेपलीकडून एक विमान त्याच मानाला उतरले आणि अडकले. त्या वस्तीतल्या कोणी वृद्धेने त्या उतारूंची बोली ऐकली असती, तर तिला आपल्या गावाची वाटली असती.

आता उतईविषयी. या गावाला विमानाशी काय देणेघेणे, असे कार्यवाहांना वाटले होते. आपल्या गावालगत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे कवायतीच्या आरोळ्या आपण ऐकतो. १९६९ साली हे दल उभे राहिले ते भिलाईसारख्या सरकारी कारखान्यांच्या राखणीसाठी. विमानतळ त्यांच्याकडे केव्हा आले? २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले. अमृतसर, लाहोर, दुबई करीत ते कंदाहारला नेले, आणि एका उतारूचा त्यात बळी गेला. काठमांडू–दिल्ली, म्हणजे शेजारच्या देशाचा दीड तासाचा मार्ग! त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून आरंभ करून देशातील विमानतळांची सुरक्षा या दलाच्या हाती सोपवण्यात आली. विमानतळावर जो जवान आपल्याला हात वर करायला सांगतो, कमरेचा पट्टा काढायला लावतो, त्याने कदाचित इथल्याच मैदानात घाम गाळलेला असतो. कारखाना भिलाईचा, विमानतळ देशभरचे, आणि शिक्षण उतईचे. हे देणेघेणे मला पुरेसे वाटते. मात्र त्या घटनेपासून शेजारच्या देशाच्या प्रत्येक विमानाकडे पाहण्याची नजर बदलली. तपासणी वाढली, वेळ वाढला, आणि मघा सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या गणिताला तडा गेला. तपासणी नको असे मी म्हणणार नाही. तिचा खर्चही तिकिटातच असतो, एवढे ध्यानात असावे.

आपल्यातले काही उत्साही सभासद रायपूरहून दुबईला, सिंगापूरला विमान सुरू करावे म्हणून निवेदन पाठवू इच्छितात. त्यावर सही करण्याआधी मला दोन-तीन अनुभव त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटतात. जुलै २०१९ मध्ये आसाम सरकारच्या अर्थसाहाय्याने गुवाहाटीहून ढाक्याला विमान सुरू झाले. समारंभ थाटात झाला, पण उतारू पुरेसे मिळाले नाहीत आणि सेवा टिकली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलायन्स एअरचे सत्तरएक आसनांचे छोटे विमान चेन्नईहून श्रीलंकेतील जाफन्याला जाऊ लागले. यादवी युद्धाची झळ सोसलेल्या त्या तमिळ मुलखाला दक्षिण भारताशी जोडणारा हा जुना दुवा. महासाथीत मार्च २०२० ला तो तुटला, पण डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा जुळला आणि पुढे २०२४ मध्ये इंडिगोही त्या मार्गावर आली. एक मार्ग टिकला, एक टिकला नाही. जाफना आणि चेन्नईच्या मध्ये नाती होती: लग्ने, देवळे, दवाखाने, शिकायला आलेली मुले. विमान त्या नात्यांच्या मागून आले.

आपल्या राज्यातही पाहा. उडान योजनेखाली जगदलपूरला जून २०१८ मध्ये विमान आले. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांचे मर्यादित भाडे, तोट्याची भरपाई सरकारकडून, अशी तेव्हाची ही योजना. ते पहिले विमान लवकरच थांबले. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीचे सुरू झाले, तेव्हा बस्तरच्या रुग्णांना हैदराबाद जवळ आले. बिलासपूरकरांनी तर विमानासाठी धरणे धरले आणि मार्च २०२१ मध्ये ते मिळवले. निवेदनात मागायचेच असेल, तर विमान मागू नये, विमानाची मुदत मागावी असे माझे मत आहे. सरकारी पैसा जिथे लागतो, तिथे कंपनीने किमान इतकी वर्षे मार्ग चालवावा आणि बंद करायचा झाल्यास सहा महिने आधी जाहीर करावे, अशी अट असावी. नारळ फोडताना छायाचित्र काढतात, तसे बंद करतानाही पत्रक काढावे. उत्साही मंडळींना हे फार कोरडे वाटेल. पण बर्फाच्या लाद्या उचललेल्या माणसाला तेवढेच सुचते.

दुबई-सिंगापूरऐवजी पहिली मागणी कशाची करावी असे मला विचाराल, तर मी काठमांडू म्हणेन. दोरा धरून पाहिलाच आहे. पारपत्राशिवाय, निव्वळ मतदार ओळखपत्रावर आपल्याला तिथे जाता येते. पशुपतिनाथाला जाणारे यात्रेकरू उतई-दुर्ग-भिलाईत पुष्कळ आहेत, आणि भिलाईत पहारेकऱ्यापासून खानसाम्यापर्यंत किती नेपाळी माणसे राबतात ते आपण पाहतोच. दोन्ही बाजूंनी विमान भरेल असा माझा हिशेब सांगतो. तो चुकला तर मी पुढच्या सभेत कबूल करीन.

विमान येईल तेव्हा येईल. तोवर दुर्गहून नौतनव्याला आगगाडी आहे. गोरखपूरवरून ती थेट नेपाळच्या वेशीपर्यंत नेते, आणि स्टेशनापासून सोनौलीचा नाका काही किलोमीटरवर. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाची काठमांडू यात्रा काढावी अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. माझा भाऊ आता कायमचा उतईला परतला आहे, तिकिटांची आणि मुक्कामाची व्यवस्था तोच पाहणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत कार्यवाहांकडे नावे द्यावीत, सोबत मतदार ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि खालचा बर्थ हवा असल्यास तसे स्पष्ट लिहावे.